सिकंदराचा पुढचा भाग

मन्मथ, मी आता शेताकडच्या वाटेनं जायला लागलेय. एकटी, आणि तेही भर दुपारी. तुला खरं वाटायचं नाही. तू असतास तर माझ्या कपाळाला हात लावून म्हणाला असतास, "गिरजे, ताप-बीप आलाय का तुला?"

ताप नाही आला. भीती मात्र पहिल्यासारखीच वाटते. लिंबाच्या झाडापासून पुढं मी चपला हातात घेऊन चालते, आवाज नको म्हणून. पन्नाशी उलटलेली शाळामास्तरीण चपला हातात घेऊन चोरासारखी चाललीय! कुणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत सेनगावभर होईल. तरी जाते. का जाते ते तुलाच सांगायचं आहे म्हणून लिहायला बसले. शाळेत मी लेकरांना निबंध शुद्ध भाषेत लिहायला लावते. तुझ्याशी शुद्ध बोलायला गेले तर तूच खो-खो हसशील, म्हणून जसं येईल तसं लिहिते.

तू गेल्यावर लोक आले, बसले, गेले. सगळे तुझ्याविषयी चांगलंच बोलले. मनमिळाऊ होता, हातात कला होती, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी आपली तुझ्या बायकोजवळ, शोभावहिनीजवळ, बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अरे, ह्यातलं एक तरी वाक्य ह्या माणसाला लागू पडतं का? मला तर तू येता-जाता उलटून बोलायचास. आणि मनमिळाऊ कसला! मुळात तू भेदरवणारा माणूस होतास. आख्खा जन्म तू मला भेदरवलंस, आणि तेही भुताखेताच्या नावानं नाही, सिकंदराच्या नावानं. कुठं ग्रीस, कुठं आपलं गाव! इतिहासाच्या पुस्तकातला अर्ध्या पानाचा राजा, पण आपल्या दोघांच्या घरांमधल्या एकुलत्या भिंतीपलीकडून तू "सिकंदर आला गं" म्हणून नुसतं ठोठावलंस की मी आईच्या कुशीत. चुलतभाऊ म्हणून देवानं दिला तो असा दिला.

सगळं त्या चाचांच्या टपरीवर सुरू झालं. सेनगावच्या स्टँडसमोर ती टपरी होती. पान मिळायचं, सायकलीत हवा मिळायची, आणि दोरीला चिमट्यानं लटकवलेली हिंदी कॉमिक्स भाड्यानं मिळायची. तिथंच बाकड्यावर बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत. तू वाचायचास, मी तुझ्या खांद्यावरून बघायचे. आपल्याला जी हिंदी येते ती सगळी त्या बाकड्यावरची.

त्या कॉमिक्सचं वरचं पान फाटलेलं होतं, त्यामुळं नाव कधी कळलंच नाही. पुढच्या जमान्यातले शास्त्रज्ञ यंत्रानं जमिनीत भोक पाडत खाली खाली जातात. तळाशी त्यांना काचेची एक खोली सापडते, आणि त्या खोलीत सिकंदर. आडवा नाही, बसलेला. डोक्याला वायरी, मांडीवर हात, डोळे मिटलेले. परग्रहावरच्या लोकांनी त्याला मरू दिलेलं नसतं, जपून ठेवलेलं असतं. एक म्हातारा शास्त्रज्ञ काचेला हात लावतो. आणि शेवटच्या पानावर एकच मोठी चौकट, तिच्यात सिकंदराचे डोळे. उघडलेले. खाली लिहिलेलं, बाकी पुढच्या भागात.

पुढचा भाग चाचांकडे कधी आलाच नाही. तू येता-जाता विचारायचास, "चाचा, आया क्या?" आणि चाचा चुना लावता लावता म्हणायचे, "आयेगा बेटा, सिकंदर है, आयेगा." बिचाऱ्यांना काय माहीत, त्या "आयेगा"नं माझी किती झोप खाल्ली ते.

त्याच हिवाळ्यात आपले आबा गेले. आपण लिंगायत. आपल्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळभर विभूती लावतात, मांडी घालून बसवतात. केळीच्या खुंटांनी सजवलेल्या विमानात बसवून, भजन म्हणत शेतात नेतात, आणि खड्ड्यातल्या कोनाड्यात तसंच बसवून, मीठ, विभूती, बेलाची पानं टाकत माती देतात. हे काही आपल्याला नवं नव्हतं. पण काठावर जाऊन बघितलं ते तू. मी बायांच्या घोळक्यात काकूच्या पदरात तोंड खुपसून उभी होते. तू मोठ्या माणसांच्या पायांतून घुसून थेट पुढं गेलास आणि परत आलास तेव्हा तुझं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"गिरजे," तू माझ्या कानात म्हणालास, "आबा बी बसलेत. सिकंदरावानी."

बस, इतकंच. पण दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर बसून तू त्याचं सगळं गणित मांडलंस.

"बाकीच्या लोकायला काहून झोपवतेत, अन् आपल्यालाच काहून बसवतेत, सांग बरं?"

"आपली रीत हाय म्हून."

"पर रीत पडली काहून? झोपलेल्या मानसाला उठायला येळ लागतो का न्हाई? बसलेला फट्टदिशी उठतो. सिकंदराला फौज लागनार हाय गिरजे. आपल्यात विमानात बी बसवतेत. समदी तयारी करून ठेवलीय. तो आला की पैले आपल्यालाच उठवनार."

काय ही अक्कल! दुसऱ्या कुठल्याही घरच्या लेकरांना हे सुचलं नसतं. ज्यांची माणसं जळून राख होतात त्यांना सिकंदराचं काय भ्या? ज्यांची आडवी ठेवतात ती निवांत झोपलेली. आपली तेवढी पलटण मांडी घालून, पाठ ताठ करून, जमिनीखाली वाट बघत बसलेली! तुला ते बराबर वाटलं आणि मलाही वाटलं. मोठ्यांना विचारायची सोय नव्हती. एकदा मी अप्पांना, माझ्या वडिलांना, भीत भीत विचारलं की आबा कधी उठणार, तर अप्पांना वाटलं पोरीला आजोबांची आठवण येतेय. त्यांनी मला जवळ घेतलं आणि रडायला लागले. मग मी विचारलंच नाही.

आणि आपल्या शाळेची वाट नेमकी त्या शेताच्या कडेनं. बांधाला लागून समाध्यांची ओळ, आबांची सगळ्यात नवी. सकाळी जाताना काही वाटायचं नाही, बरोबर बाया असायच्या, शेळ्या असायच्या. भीती दुपारची. शाळा सुटायची तेव्हा ऊन असं तापलेलं असायचं की चिटपाखरू नाही, तुरीची पानंसुद्धा हलायची नाहीत, आणि त्या शांततेत मला जमिनीखालून कुणीतरी घसा खाकरल्यासारखं ऐकू यायचं. आबांना खाकरायची सवयच होती ना.

तू माझं मनगट धरायचास आणि मला रस्त्याच्या बाजूला ठेवून स्वतः समाध्यांच्या बाजूनं चालायचास. दररोज. एकदाही विसरला नाहीस. मला वाटायचं, किती धीट आहे आपला मन्मथ. तुझा तळवा घामानं चिंब असायचा, मला वाटायचं ऊन आहे म्हणून. अरे, मला कळायला किती वर्षं लागावीत? माझ्याहून जास्त तूच भ्यालेला होतास. काठावरून बघितलं होतं ते तू. मी नुसतं ऐकलेलं. मला भेदरवून तू आपली अर्धी भीती माझ्याकडे ठेवायला द्यायचास, आणि त्या बदल्यात समाध्यांच्या बाजूनं चालायचास. सौदा वाईट नव्हता म्हणा.

पुढं सिकंदर परत परत भेटत राहिला. एका कॉमिक्समध्ये तो लोखंडी हत्तीवर बसून दुसऱ्याच ग्रहावर लढत होता. सगळा ग्रह जिंकतो आणि मग मागं वळून बघतो तर टाळ्या वाजवायला कुणी उरलेलंच नाही. दुसऱ्या एकात तो कुणा भलत्याच नायकाच्या गोष्टीत दोन-चार पानांपुरता येतो, काळाच्या बोगद्यातून वाट चुकून आलेला, आणि चहावाल्याला विचारतो की ही कुठली नदी. दर चित्रकार त्याला वेगळा काढायचा. कुणाचा दाढीवाला, कुणाचा गुळगुळीत, कुणी त्याला निळे डोळे दिलेले, कुणी शिरस्त्राणाला दिवा लावलेला. आपलं भांडण त्यावरूनच. मी म्हणायची, हे सगळे वेगवेगळे सिकंदर आहेत, खोटे आहेत, खरा केव्हाच मेला, इतिहासाच्या पुस्तकात लिहिलंय. तू म्हणायचास, "अगं येडे, तोंड बदलतंय, मानूस तोच हाय. त्यानं काम अर्धवट सोडलंय. पंजाबातल्या नदीवरून माघारी फिरला का न्हाई? ज्यानं अर्धवट सोडलं त्याला परत यावंच लागतंय."

"मग येऊ दे पंजाबात. आपल्याकडं काय हाय?"

"या बारीला कयाधू."

आणि मी रडायला लागले की तू पोट धरून हसायचास. मेल्या, तो पूर नसलेला कयाधूचा ओहोळ, त्यात म्हशीसुद्धा धड बुडत नाहीत, तिथं जगज्जेता अडणार होता!

आपण मोठे झालो, मी डी.एड. करून शाळेत लागले, तू पेंटर झालास. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, नरसीला जाणाऱ्या रस्त्यावरची हॉटेलं, सगळीकडे तुझी अक्षरं. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटलं, तेव्हा मी तुला आमच्या शाळेची भिंत दिली रंगवायला. ग्रहमाला काढ म्हणाले. काय सुंदर काढलीस रे! शनीची कडी अशी की लेकरं बोटानं चाचपून बघायची. आणि शनीच्या मागं, अगदी कोपऱ्यात, शिरस्त्राण घातलेला एक इवलासा माणूस, मांडी घालून बसलेला. मला तो रंग वाळल्यावर दिसला. तेवढ्यात साहेब तपासणीला आले आणि त्यांचं बोट नेमकं तिथंच.

"मॅडम, हे कोण?"

"अंतराळवीर आहे सर," मी म्हटलं.

"वा वा! विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन!" साहेब खूश. तू शिडीवर उभा राहून ब्रश दातात धरून हसत होतास. साहेब गेल्यावर मी तुला इतकं झापलं की शेजारच्या वर्गातली लेकरं खिडकीत गोळा झाली. पण पुसायला सांगितलं नाही. अजून आहे तो तिथं. त्या भिंतीकडे मी पाठ करूनच शिकवते.

आणि आता आता तर तुला मोठंच कोलीत मिळालं होतं. औंढ्याच्या बाजूला ती वेधशाळा व्हायलीय, आभाळात कुठंतरी दूर तारे एकमेकांवर आदळले की त्याची थरथर इथं जमिनीवर बसून टिपायची म्हणे. मी वर्गात शिकवायला माहिती काढली, तुला कौतुकानं सांगायला आले, तर तू चहाची बशी खाली ठेवून एकदम हळू आवाजात म्हणालास, "गिरजे, एवढी मोठी दुनिया सोडून हे लोक आपल्याच जिल्ह्यात कान लावून काहून बसायलेत, इचार केला का? त्याच्या येण्याचा कानोसा घ्यायलेत." शोभावहिनी हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना मी मोठ्या रस्त्यानं, फेरा घेऊन गेले. शेताकडची वाट तर मी केव्हाच सोडली होती. तू बरोबर नसताना त्या वाटेनं मी एकदाही गेले नाही. लग्न झालं, लेकरं झाली, केस पिकले, तरी नाही. अप्पा गेले तेव्हाही मी बायांमध्येच उभी राहिले, तोंड फिरवून. माझा बाप त्या खड्ड्यात कसा दिसला ते मला माहीत नाही. तू सांगितलंस, "चांगले बसलेत काका. शांत हायेत." तुझ्या सांगण्यावर मी विश्वास ठेवला. आपल्या घराण्यात खड्ड्यात बघायचं काम तुझं, असंच धरून चालले होते मी.

मग तुझं पोट दुखायला लागलं. नांदेडच्या वाऱ्या झाल्या, तपासण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. काय समजायचं ते सगळे समजले. तू ओट्यावर बाज टाकून पडलेला असायचास, मोबाइलवर जुनी कॉमिक्स बघत. कुणीतरी जुनी पानं फोटो काढून टाकतं म्हणे. तू मला दाखवायचास, "ह्याच्यात नुसता मेंदू ठेवलाय त्याचा, यंत्रात. ताऱ्याताऱ्यात फिरायलाय." मी बघितल्यासारखं करायची.

त्या दुपारी वहिनी आत भाकरी करत होत्या. तू मोबाइल उशाखाली सारलास आणि म्हणालास, "गिरजे, तूच बराबर व्हतीस."

"कशात?"

"मेला तो. तवाच मेला. उठत-बिठत न्हाई कोनी."

मन्मथ, आयुष्यभर ज्या भांडणात मी तुला हरवू बघत होते, ते तू असं अचानक सोडून दिलंस. मला आनंद व्हायला पाहिजे होता का रे? मी एकदम तुझ्या बाजूनं भांडायला लागले. "काहीतरीच काय बोलायलास? दर कॉमिक्समध्ये येतो की परत! तूच म्हणायचास, काम अर्धवट सोडलंय त्यानं. येतो तो. येतोच."

मग म्हणालास, "मला भ्या वाटायलंय."

"कशाचं?"

"बसायचं."

आत तव्यावर भाकर उलटल्याचा आवाज आला.

"मी आबाला बघितलं व्हतं. डोळे पुरे मिटले नव्हते आबाचे. बारीक फट व्हती. कोनाला सांगितलं न्हाई. तवापासून मला वाटतंय, माती पडताना त्यायला दिसत असंल का? तू बघशील का गिरजे? मी बसल्यावर. डोळे मिटलेत का न्हाई, तेवढं बघ. बाकी सगळे घाईत असतेत."

इतकी वर्षं! आबांच्या डोळ्यांतली ती फट इतकी वर्षं पोटात घेऊन तू जगलास, आणि मला नुसता सिकंदर सांगत राहिलास. कॉमिक्समधल्या त्या उघड्या डोळ्यांना तू एवढा का घाबरायचास ते मला त्या ओट्यावर कळलं. मी तेव्हा "हो" म्हणायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून काय निघालं? "गप पड. मेलं काही पण बोलतंय." वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या, आणि तू भाताचे चार घास कसेबसे खाल्लेस. तो विषय तुझ्या-माझ्यात पुन्हा निघाला नाही. मला सारखं वाटायचं, आज काढू, उद्या काढू. पण मला भीती वाटत होती की मी "हो" म्हटलं तर तू निवांत होशील, आणि निवांत झालास की जाशील.

"हो" न म्हणताही गेलासच.

तुला सजवलं तेव्हा मी दारात होते. वहिनींनी स्वतःच्या हातानं तुझे डोळे मिटले, विभूती लावली, इष्टलिंग तुझ्या डाव्या हातात ठेवलं. मी मनाला समजावलं, झालं, मिटले, आता खड्ड्यात बघायची काही गरज नाही. विमान उचललं. शेताचा रस्ता तुला माहीतच आहे, पावसानं उखणलेला, खांदेकरी अडखळत होते आणि तुझं डोकं हलत होतं. मी मागं बायांमध्ये चालत होते आणि मनात म्हणत होते, देवा, मला ह्यातून सोडव, दुसऱ्या कुणाला तरी बघायची बुद्धी दे. पण दुसऱ्या कुणाला हे माहीतच नव्हतं ना. जगात तू एकट्या मलाच सांगितलं होतंस.

बाया लिंबाखाली थांबल्या. तिथून पुढं जायची पद्धत नाही असं नाही, पण कुणी जात नाही. जंगमस्वामींचा मंत्र ऐकू येत होता. मग मिठाची पोती ओढल्याचा आवाज आला आणि मला कळलं, आता वेळ नाही. मी निघाले. काकू नव्हती, पदर नव्हता, मनगट धरायला कुणी नव्हतं. पाय कसे उचलले मला माहीत नाही. घोळक्यात शिरले आणि ओरडले, "थांबा! मला बघू द्या!"

सगळे दचकले. कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमी कशाला? भोवळ येऊन पडताल." मी ऐकलं नाही. काठावर गेले आणि वाकून बघितलं.

तू बसला होतास. पाठ ताठ, कोनाड्यात, कपाळ पांढरं. डावा डोळा मिटलेला. उजवी पापणी अर्धी वर.

मी नुसतं बोट दाखवलं. स्वामी खाली होते, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हादऱ्यानं होतं माय असं. मी मिटतो." आणि मन्मथ, माझ्या तोंडून निघालं, "नको. मी मिटते."

"बाईमानूस खाली उतरत नसतंय," कुणीतरी मागून बोललं.

स्वामींनी वर बघितलं. म्हातारा माणूस, हात विभूतीनं भरलेले. "उतरू द्या तिला," म्हणाले, आणि हात पुढे केला.

खाली गार होतं. वर एवढं ऊन आणि खाली मातीचा ओला वास, माठाजवळ येतो तसा. मी तुझ्यासमोर गुडघ्यावर बसले. ठरवलं होतं की तुझ्या डोळ्यात बघायचं नाही, नुसता अंगठा ठेवायचा आणि पापणी खाली ओढायची. पण बघितलं. बघितल्याशिवाय राहवलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या डोळ्यात काहीतरी असेल. सिकंदर असेल, नाहीतर आबा, नाहीतर तू तरी असशील, आतून माझी मजा बघत. काही नव्हतं रे. कुणीच नव्हतं. तू तर नव्हतासच. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही. समाध्यांच्या त्या सगळ्या दुपारी एकत्र केल्या तरी नाही.

पापणी खाली ओढली, ती परत वर आली. पुन्हा ओढली आणि अंगठा तसाच दाबून धरला. स्वामी थांबले, कुणी घाई केली नाही. तुझ्या नखांच्या कडेला लाल रंग होता, आंघोळ घातली तरी न निघालेला. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "मन्या, मिटलेत. दोन्ही मिटलेत. मी बघितले." जे ओट्यावर सांगायचं होतं ते तिथं सांगितलं. मग स्वामींनी माझं कोपर धरलं, वरून कुणीतरी हात दिला, आणि मी वर आले. मागं पहिली मिठाची पाटी पडली.

काम झालं तुझं. आता माझं ऐक.

मी त्या वाटेनं जाते ते धीट झाले म्हणून नाही. लिंबापासून पुढं चपला हातात घेते, आणि समाध्यांच्या बाजूनं चालते, तुझ्या बाजूनं. तुझ्या मातीवर अजून गवत उगवलं नाही. आधी आबा, मग अप्पा, मग तू. मी तिथं उभी राहते आणि श्वास धरून ऐकते. त्या वेधशाळेत माणसं ऐकतील ना, तशी. आभाळातल्या ताऱ्यांची थरथर एवढ्या लांबून टिपता येते म्हणतात. इथं तर मधे नुसती माती आहे.

लहानपणी ह्या बांधावर मला घसा खाकरल्यासारखं ऐकू यायचं आणि मी पळत सुटायची. आता काही ऐकू येत नाही. काल मी खाली वाकून म्हटलं, "मन्या, सिकंदर आला रे. ऊठ." मोठ्यानं म्हटलं, लाज सोडून. तुरीचं एक पान हललं नाही. इतकी वर्षं मला भ्या वाटायचं की तुम्ही उठाल. आता तू उठत नाहीस, ह्याचंच भ्या वाटतं.

भांडण मी हरले असं समज. तूच बराबर होतास, तोंड बदलतं, माणूस तोच असतो, काम अर्धवट राहिलं की परत यावं लागतं. तुझं शाळेच्या दुसऱ्या भिंतीचं काम राहिलंय. मी साहेबांची परवानगी काढून ठेवलीय, चुनाही मारून घेतलाय.

उद्या दुपारी शाळा सुटली की परत येते.